वाल पाहिजे

मोखाड्याचे श्रीकृष्णराव आणि सूर्यमाळचा जैतू यांच्या सायकलींबद्दल नाक्यावर जेवढ्या गोष्टी सांगितल्या जातात, त्यातल्या निम्म्या खोट्या आहेत. अडचण एवढीच, की कुठल्या निम्म्या ते कुणालाच ठाऊक नाही.

एक गोष्ट अशी. दाभोशाच्या उतारावर जैतूचा मागचा टायर बसला. ट्यूबची पार चिंधी झाली. जवळ दुसरी ट्यूब नाही, गाव लांब. जैतूनं शेजारच्या खळ्यावरचा पेंढा उचलला, टायरमध्ये ठासून भरला, वरून सुतळी आवळली आणि म्हणाला, "चला." सायकल चालली की हो! पण पेंढा नवा, वास ताजा. जव्हारच्या नाक्यावर पोचेपर्यंत मागे सात बैल आणि एक गाभण म्हैस. श्रीकृष्णराव आजही शपथेवर सांगतात, की म्हैस सगळ्यांत पुढे होती आणि चढावर तिनं त्यांना मागे टाकलं.

दुसरी गोष्ट मात्र खरी असावी, कारण ती पाहिलेली माणसं बरीच आहेत. पंक्चर शोधायला जैतूला पाणी लागत नसे. दुकानात ट्यूब घमेल्यात बुडवतात, बुडबुडे बघतात. सूर्यमाळला उन्हाळ्यात बायका एका हंड्यासाठी डोंगर उतरतात आणि चढतात, तिथं घमेलंभर पाणी सायकलला कोण पाजणार? जैतू फुगवलेली ट्यूब खालच्या ओठाजवळून हळूहळू फिरवायचा. ओठाला गार लागलं की तिथं भोक. एवढ्यावर तो थांबला असता तर प्रश्न नव्हता. तो पुढे सांगायचा, "करवंदीचा काटा हाय. मागच्या सालचा."

दोघांची गाठ पडली ती अशाच एका भोकामुळे. अकरा वर्षांपूर्वी श्रीकृष्णराव पंचायत समितीत आवक-जावक टेबलावर होते. रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तर यांनी एकवीस गिअरची सायकल घेतली. पहिल्याच रविवारी खोडाळ्याच्या रस्त्यावर चाक बसलं. कामावरून घरी निघालेल्या जैतूनं पाहिलं, की एक गोरटेला साहेब सायकल उलटी घालून तिच्यापुढे माहितीपुस्तिका वाचत बसलाय.

"साहेब," जैतू म्हणाला, "तिला वाचून दाखवताव काय? तिला येत नाय वाचायला."

दहा मिनिटांत पंक्चर निघालं. तिथून पुढे रविवार दोघांचा झाला. जैतूचं जुनं काळं धूड, भिवंडीला इमारतीच्या कामावर असताना मुकादमानं दिलेलं. श्रीकृष्णरावांची ती एकवीस गिअरवाली. साहेबाचा भाऊ कधी झाला ते दोघांनाही आठवत नाही. जैतूची बायको सुकी मात्र पहिल्यापासून त्यांना दादा म्हणायची आणि सोडायची नाही. "दादा, एकवीस गिअर तुमच्या सायकलला. त्यातला माज्या चुलीकडे वळतो तो कितवा?"

कारण दर थंडीत सुकीच्या हातचे वाल खायला श्रीकृष्णराव पाड्यावर हजर. बांधावर पेरलेले कडवे वाल, तिनं केलेलं दाट कालवण आणि नागलीची भाकर. साखरेचा माणूस, पण तिथं दोन भाकरी जास्त जायच्या, आणि तिसरी सुकी न विचारता टाकायची.

फिरताना दोघांचा एक नेम होता. पंक्चर झालेल्याला टाकून पुढे जायचं नाही. ओळखीचा असो, नसो, शाळेची पोर असो की मुंबईचा हेल्मेटवाला. उतरायचं आणि विचारायचं. या नेमाची दुसरी बाजू जैतूनं घातलेली. तो म्हणायचा, "मदतीला माणूस निघाला ना, का पंक्चरवाल्यानं जागा सोडायची नाय. तो येल नि तू नसलास, मंग त्यानं काय करायचं? दोघं जण दोघांना शोधत बसणार." मोबाइलला चार ठिकाणी रेंज आणि चाळीस ठिकाणी नाही अशा मुलखात हे शहाणपण होतं. अकरा वर्षांत ते कधी वाया गेलं नाही.

आता इथं सायकलच्या एका बारक्या भागाबद्दल सांगितलंच पाहिजे. जुन्या सायकलच्या ट्यूबला हवा भरायचं जे तोंड असतं, त्यात एक पितळी खिळा असतो आणि त्या खिळ्यावर काडीएवढी बारीक रबरी नळी चढवलेली असते. ती नळी कुजली, फाटली, की चाकात भोक नसतानाही हवा सरळ बाहेर. इंग्रजी शिकलेला माणूस त्याला व्हॉल्व्ह म्हणतो. श्रीकृष्णराव तसंच म्हणत. बाकी सगळा तालुका म्हणतो वाल. वाल गेला, वाल बदल, वाल दे.

दोन वर्षांपूर्वी श्रीकृष्णरावांनी जैतूच्या धुडाला मोटारसायकलसारख्या तोंडाच्या नव्या ट्यूबा आणून दिल्या होत्या. त्यांत ही रबरी भानगडच नाही. त्यातली पुढची ट्यूब दिवाळीत फाटली आणि जैतूनं गुपचूप जुनी घातली. भाऊला कशाला सांगा, लगेच नवी घेऊन येईल, म्हणून बोलला नाही. माणसं भिडेपोटी जे लपवतात ते असं एवढुसं असतं.

पौष संपता संपता सुकी आजारी पडली. आधी कावीळ म्हणाले, मग लिव्हर म्हणाले, मग नाशिकला न्यायला सांगितलं. मुलगा तुषार तिच्यापाशी राहिला. जैतू चार दिवस दवाखान्यात बाकाखाली झोपला. पाचव्या दिवशी पिवळं रेशन कार्ड लागतंय असं कळलं, ते घरी पत्र्याच्या पेटीत. ते आणायला जैतू शनिवारी संध्याकाळी पाड्यावर आला. निघताना सुकीनं त्याचं बोट धरलं. बोलायची ताकद कमी झाली होती, तरी जीभ तीच होती. "जातोस तर जा. पन कार्डासंगती तू पन ये. नायतर कार्ड पाठवशील नि तू बसशील सायकल पुसत."

"उद्या सकाळी येतो," जैतू म्हणाला. "तू उठशील तवा मी बाकावर."

मोखाड्याहून नाशिकला जाणारी एस.टी. नवाला. ती गाठली तर साडेअकराला दवाखाना. जैतू रविवारी उजाडायच्या आत निघाला. खोडाळा मागे पडलं. मोखाडा अकरा किलोमीटर राहिलं असताना उंबराच्या वळणावर पुढचं चाक फुस्स झालं. त्यानं ट्यूब ओठाजवळून फिरवली. भोक कुठंच नाही. खिळा काढून बघितला तर वालाची नळी उभी चिरलेली. एक बोटभर रबर! खिशात कार्ड होतं, फोन होता, भाकरीचा तुकडा होता. रबर नव्हतं.

चालत सुटला असता तर घाट धरून दोन तास. नवाची गाडी जेमतेम मिळाली असती, पण मिळाली असती. उंबराच्या वरच्या खडकावर चढलं तर एक कांडी रेंज येते. जैतू चढला आणि त्यानं फोन लावला. पावणेसात वाजले होते.

श्रीकृष्णराव दात घासत होते.

"भाऊ... वाल..." मग नुसती खरखर. "...सुकी वाट बघते... वाल पाहिजे, वाल..."

"वाल? वाल हवेत?"

"हां, हां! वाल! ...घेऊन या... नवा..." खरखर.

"कुठायस तू?"

"उंबरापाशी. मोडावर."

"थांब तिथंच! हलू नकोस. घेऊन आलोच!"

फोन तुटला. श्रीकृष्णरावांनी पेस्टच्या फेसासकट चूळ थुंकली आणि डोळे पुसले. वनमालाबाई, त्यांच्या पत्नी, चहाचं आधण ठेवत होत्या.

"अगं, सुकीनं वाल मागितले."

"आँ?"

"सुकीनं. दवाखान्यातून. तोंडाला चव नसेल. वाट बघतेय म्हणाला. आयुष्यभर मला वाढले तिनं, आज मागितले गं तिनं!"

वनमालाबाई शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. चिमटा ओट्यावर ठेवून त्यांनी विचारलं, "पाहिजे म्हणाला की पाहिजेत म्हणाला?"

"म्हणजे?"

"वाल पाहिजेत असं म्हणेल ना माणूस. दाणा काय एकच असतो?"

"अगं, त्यांच्या बोलीत कुठलं आलंय एकवचन अन् अनेकवचन! तीस वर्षं अर्ज वाचलेत मी या लोकांचे."

वनमालाबाई गप्प झाल्या. नवऱ्याचे डोळे भरलेले होते, आणि भरलेल्या डोळ्यांपुढे व्याकरण काढायचं नाही एवढं चाळीस वर्षांच्या संसारानं शिकवलेलं असतं. शिवाय योगायोग असा, की घरात मोड आलेले वाल तयार होते. सोमवारी पाहुणे यायचे होते.

ज्यांनी बिरडं केलंय त्यांना सांगायला नको. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकायचे आणि एकेक दाणा दोन बोटांत धरून साल काढायची. घाई केली तर डाळिंबी फुटते. दोघं ओट्याशी बसले. श्रीकृष्णरावांनी आजवर घरात एक पेरू सोलला नव्हता. आज सोलत होते. मध्येच म्हणाले, "अकराची नाहीतर साडेअकराची गाडी असते त्याची. तोवर डबा पोचतो. मीही जातो सोबत नाशिकला." मोखाड्यालाच येणारा माणूस उंबरापाशी का थांबलाय, हा प्रश्न दोघांनाही पडला नाही.

"तिखट कमी टाकते," वनमालाबाई म्हणाल्या. "लिव्हरला चालायचं नाही."

"अगदी बेचव नको करूस. सुकी आहे ती. मेल्यावरसुद्धा नाव ठेवील."

बोलले आणि जीभ चावली. दोघंही थोडा वेळ खाली बघून सोलत राहिले. त्या स्वयंपाकघरात त्या सकाळी जेवढी माया होती, तेवढी तालुक्यात दुसरीकडे कुठं असेल असं वाटत नाही. आणि उंबरापाशी जैतू दर पाच मिनिटांनी रस्त्याच्या मध्यावर येऊन वळणाकडे बघत होता.

सव्वाआठला डबा भरला. गरम राहावा म्हणून वनमालाबाईंनी जुन्या स्वेटरच्या बाहीत घातला. श्रीकृष्णरावांनी तो दांडीला अडकवला आणि निघाले. चौसष्ट वर्षांचे पाय, पण त्या दिवशी घाटात ते गिअर न बदलता चढले. हे मात्र खोटं नाही. बघणारे होते.

पाचएक किलोमीटरवर रस्त्याकडेला तीन सायकली आडव्या. घट्ट कपड्यांतली तीन माणसं, त्यांतल्या एकाच्या हातात मोकळं चाक. कसाऱ्याहून जव्हारला निघालेली मुंबईची मंडळी. श्रीकृष्णरावांनी मनगटावर बघितलं. आठ चाळीस. साडेअकराला अवकाश होता. नेम तो नेम. ते उतरले.

"काय झालं?"

"पंक्चर, काका," चाक धरलेला सर्वेश म्हणाला. "सगळं सामान आमच्या गाडीत आणि गाडी गेली पुढे जव्हारला. फोन लागत नाही."

"नाहीच लागणार. द्या इकडे." श्रीकृष्णरावांनी सीटखालची पिशवी उघडली. पट्टी, डिंक, काचकागद, पाने. चाक मांडीवर घेतलं. "हे शिकवणारा माझा गुरू पुढे बसलाय. तो असता तर तुमची ट्यूब नुसत्या ओठानं तपासली असती."

त्यांनी ती म्हशीची गोष्टही सांगितली. मंडळी हसली. स्वरा नावाची त्यांच्यातली मुलगी पंप मारू लागली आणि मारता मारता म्हणाली, "इथली माणसं खरंच वेगळी आहेत. मागे वळणावर एक काका भेटले. सायकल बसलेली. आमची गाडी तेव्हा बरोबर होती. मी उतरून म्हटलं, बसा, मोखाड्याला सोडते, सायकल वर बांधू. तर नको म्हणाले."

"उंबरापाशी?" श्रीकृष्णरावांनी विचारलं.

"हो, मोठं झाड होतं. म्हणाले, माझा भाऊ निघालाय, मी गेलो नि तो आला तर? आम्ही खूप आग्रह केला. त्यांना नवाची एस.टी. पकडायची होती. पण हटले नाहीत."

श्रीकृष्णराव पट्टी दाबून धरत होते. "सायकल बसली होती? पंक्चर?"

"पंक्चर नाही म्हणाले. काहीतरी वेगळंच..." स्वरानं सर्वेशकडे बघितलं. "काय रे तो शब्द?"

"वाल," सर्वेश म्हणाला. "वाल गेला म्हणाले. भाऊ वाल घेऊन येतोय. आम्हाला वाटलं, वाल म्हणजे भाजीचे. यांचं काय काम सायकलला?" तो हसला.

श्रीकृष्णरावांचा अंगठा पट्टीवर तसाच राहिला. डिंक केव्हाच धरला होता. दांडीला स्वेटरच्या बाहीत डबा लोंबत होता आणि त्याचा वास येत होता.

"काका? बरं वाटत नाही का?"

"किती वाजले?"

"नऊला पाच."

त्यांनी चाक सर्वेशच्या हातात दिलं. अवजारं तिथंच रस्त्यावर राहिली. पिशवीच्या तळाशी, कागदाच्या पुडीत, बोटबोटभर कापलेल्या चार रबरी नळ्या होत्या. जैतूच्या जुन्या सायकलसाठी वर्षानुवर्षं बाळगलेल्या, नव्या ट्यूबा आल्यावरही न टाकलेल्या. ती पुडी त्यांनी खिशात घातली आणि सायकलवर टांग टाकली.

पोचले तेव्हा पावणेदहा झाले होते. जैतू उंबराच्या मुळावर बसला होता. चाक काढून, ट्यूबचं तोंड पुसून, खिळा दगडावर तयार ठेवलेला. त्यांना बघून तो असा उठला, की जणू नऊ अजून वाजायचेच आहेत.

"आला! मी बोललो ना त्या बाईला, येतो माझा भाऊ. घाटात दमलात ना? तोंड लाल झालाय. पानी प्या."

श्रीकृष्णरावांनी पुडी पुढे केली. जैतूनं नळी थुंकीनं ओली केली, खिळ्यावर चढवली, खिळा बसवला, पंप मारला. दोन मिनिटं. मोजून दोन मिनिटं लागली.

"नवाची गेली," जैतू म्हणाला. "जाऊ द्या. साडेअकराची हाय." मग त्याचं लक्ष दांडीकडे गेलं. "ह्यो काय?"

"डबा." श्रीकृष्णरावांनी तो दांडीवरून सोडवला. "सुकीसाठी. वाल आहेत."

जैतूनं डबा दोन्ही हातांनी घेतला आणि छातीशी धरला. "भाऊ," तो म्हणाला, "तुमी... वैनींनी एवढ्या सकाळच्या..."

तेव्हाच सांगायला हवं होतं. उतारावर दोघं एकापाठोपाठ जात होते, वारा कानांत होता. मोखाड्याच्या स्टँडवर शेजारी उभे होते. गाडी लागली, जैतू खिडकीत बसला, डबा मांडीवर. श्रीकृष्णराव म्हणाले, मी येतो सोबत. जैतू म्हणाला, नको, साखरेच्या माणसाची धावपळ. श्रीकृष्णरावांना आग्रह करवला नाही. अडीच तास शेजारी बसून त्याच्या तोंडाकडे कसं बघणार होते?

सुकी पाऊण वाजता गेली. शेवटचा तासभर ती दाराकडे तोंड करून होती, असं तुषार सांगतो. जैतू पोचला तेव्हा दोन वाजून गेले होते आणि कॉटवर चादर ओढलेली होती. रेशन कार्ड त्यानं तरीही टेबलावर नेऊन दिलं. ते मागितलं होतं ना.

डबा तुषारनं खाल्ला. दोन दिवस त्याच्या पोटात अन्न नव्हतं. जैतूनंच बसवून खायला लावला.

त्यानंतरचे दिवस श्रीकृष्णरावांना जड गेले, ते दुःखानं नाही तेवढे कौतुकानं. कारण जैतू येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगत होता. मातीला आलेल्यांना, पाड्यावरच्यांना, खोडाळ्याच्या बाजारात भेटेल त्याला. माझा भाऊ या वयात घाट चढून आला. वाल घेऊन आला. नि वर सुकीसाठी डबा. सख्खा करणार नाय. नाक्यावर लोक श्रीकृष्णरावांना थांबवून म्हणू लागले, "धन्य आहे बुवा तुमची." ते मान खाली घालून पुढे जात. लोकांना तो विनय वाटायचा.

बाराव्या दिवशी त्यांनी सायकल बाहेर काढली.

"सांगू नका," वनमालाबाई दारात उभ्या होत्या.

"सांगायलाच हवं. तो मला देव करतोय."

"करू दे. तुम्हाला जड होतंय म्हणून त्याच्या डोक्यावर देऊन येणार? मीसुद्धा त्या दिवशी गप्प बसले. मलाही ते जन्मभर न्यायचंय. मी जाते का सांगायला?"

श्रीकृष्णराव गेले. खरं बोललं की माणूस हलका होतो, असं त्यांनी शाळेच्या पुस्तकापासून ऐकलं होतं. दुसऱ्या माणसाचं काय होतं ते त्या पुस्तकात नव्हतं.

पाड्यावर दिवस घातले होते. पंगत उठून गेली होती. जैतू कुडाच्या सावलीला एकटा बसला होता, डोकं भादरलेलं. भाऊला बघून त्यानं घोंगडी सरकवली. श्रीकृष्णराव बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. फोन, खरखर, वनमालाबाईंचा प्रश्न, त्यावर आपण काय बोललो ते, सोलणं, बिरडं, वाटेतलं पंक्चर. काही लपवलं नाही. सांगताना एकदोनदा रडू आलं, तेही लपवलं नाही.

जैतू ऐकत होता. संपल्यावर त्यानं विचारलं, "सोलायला किती टाईम गेला?"

"तास. तासाच्या वर."

"नि शिजायला?"

"अर्धा."

जैतूनं मान हलवली. बोटानं जमिनीवर रेघ ओढली, तिच्यापुढे दुसरी. "मला गाडीत बसा बोलली ती पोरगी. तीनदा बोलली. सायकल वर बांधू बोलली. मी नको बोललो."

"जैतू, मला शिव्या दे. मार."

"तुमाला कशाला?" जैतूचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "भाऊ, मी इथं बसून काय इचार करायचो, सांगू? का वाल गेला, त्याला कोन काय करील. भाऊचा वय झालाय, घाट मोठा. गाडी टाईमवर गेली, ती बराबर गेली. डाक्तर चांगला व्हता. समद्यांनी समदं केलं, तरी ती गेली. कुनाचा दोस नाय. रात येते ना, तवा मी तेवढंच धरून झोपायचो. कुनाचा दोस नाय." त्यानं पायानं रेघा पुसल्या. "माज्यापाशी तेवढंच व्हतं. तुमी ते पन घेतलं."

तीस वर्षं श्रीकृष्णरावांनी कागद आवक केले, जावक केले. बोललेला शब्द परत घ्यायचं रजिस्टर कुठल्या कचेरीत नसतं.

"आता मला रोज आठवंल," जैतू म्हणाला, "तुमी सोलताव नि ती दाराकडे बघते. दोन्ही संगतीच दिसंल. तुमी चांगलंच करत व्हता ना. वंगाळ करत असता तर मी तुमाला सोडून तरी दिला असता."

आतून कुणीतरी चहा आणला. दोघांनी घेतला. न घेणं बरं दिसलं नसतं. चहा झाल्यावर जैतू उठला, आत गेला आणि पुन्हा बाहेर आला नाही. श्रीकृष्णराव बराच वेळ बसून राहिले. घोंगडीवरची सावली सरकून पायांवर ऊन आलं, तेव्हा उठले.

सूर्यमाळवरून खाली उतार आहे. तिथं लहान पोरंसुद्धा पायडल न मारता खोडाळ्याच्या बाजूला घरंगळत जातात. श्रीकृष्णरावांनी सायकल हातात धरली आणि ते चालत निघाले. एकवीस गिअर कटकट करत शेजारून चालले होते.

अर्ध्या उतारावर समोरून गोजाबाई आली, पलीकडच्या पाड्यावरची, डोक्यावर दोन हंडे एकावर एक. तिनं यांना ओळखलं नाही. सायकल हातात धरून उन्हातून चाललेला म्हातारा बघून ती थांबली.

"बाबा, बिघडली काय सायकल?"

"नाही."

"मंग चालत का जाताव? उतार हाय."

बाईला वाटलं, म्हाताऱ्याला बसलेलं चाक कळलं नसेल. तिनं एका हातानं हंडे सावरले, जराशी वाकली आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं आधी पुढचा टायर दाबला, मग मागचा.

"हवा तर भरपूर हाय," ती म्हणाली, आणि वर चढू लागली.